फ्यूएल पंपाचा वेग ताब्यात घेताना: टर्बो ऑक्टाव्हियावरचे काम, मापांसह

गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचे वीस व्हॉल्व्हचे टर्बो इंजिन, पोर्ट इंजेक्शन, रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) दाब सांभाळणारा रेग्युलेटर आणि तिथून उरलेले पेट्रोल टाकीकडे नेणारी रिटर्न लाइन. मूळ ताकद १५० हॉर्सपॉवर. मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर आणि स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) लावून ती ४०० च्या आसपास न्यायची होती. शिवाय पुढे ट्रॅकवर जास्त इथेनॉलचे मिश्रण चालावे अशीही सोय हवी होती. म्हणून टाकीत वॉलब्रोचा तासाला ४५० लिटरचा पंप घातला. त्या पंपाचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारी व्यवस्था इंदुरातच उभी केली. इथे लिहितो आहोत ते तिच्याविषयी.

आधी हिशेब, कारण बहुतेक गाड्यांना हे काम लागतच नाही. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम इंधन धरतात. ४०० हॉर्सपॉवरला झाले १०८ किलो, म्हणजे १४५ लिटर. आता पेट्रोल पंपावर मिळते ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागते, म्हणजे आकडा १६० च्या जवळ जातो. ई-८५ सारखे (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे) मिश्रण घातले तर २०० च्या पुढे. त्यात पंपाच्या डब्यावरचा आकडा ठरावीक दाबाचा आणि पुऱ्या व्होल्टेजचा असतो. दाब वाढला आणि व्होल्टेज घसरले की तो झपाट्याने खाली येतो. ३०० हॉर्सपॉवरपर्यंतच जायचे असेल तर २५५ लिटरचा पंप घ्यावा, वायरिंग जाड करावे आणि तो कायम पूर्ण वेगाने चालू द्यावा. तिथे वेग कमी करण्यातून फार काही हाती लागत नाही, बिघडायला जागा मात्र एक वाढते.

साडेचारशेच्या पंपाची गोष्ट वेगळी. आयडलवर इंजिन तासाला एक-दीड लिटर पिते. बाकीचे सगळे पेट्रोल रेलपर्यंत जाऊन परत येते. टाकी ५५ लिटरची, म्हणजे भरलेली असली तरी सात-आठ मिनिटांत सगळे पेट्रोल एकदा फिरून येते. पाव टाकी असेल तर दोन मिनिटांच्या आतच. पंप १३ ते १५ अँपिअर ओढतो, म्हणजे पावणेदोनशे ते दोनशे वॅट, आणि ही सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमध्ये उष्णता म्हणून उतरते. टाकीत १२ लिटर, म्हणजे नऊएक किलो पेट्रोल असेल, तर बाहेर निघून जाणारी उष्णता सोडून देऊन सतरा-अठरा मिनिटांत तापमान १० अंशांनी वाढते. इंजिनाजवळच्या गरम रेलमधून उचललेली उष्णता त्यात धरलेलीच नाही. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीपार असतो आणि पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात. पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे झाले की पंप गुरगुरतो, प्रवाह पडतो, आणि हे घडते ते नेमके पाव टाकीवर, दुपारी, बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो जास्तीची हवा कोंबत असताना.

दुसरा त्रास रेग्युलेटरचा. मूळ रिटर्न लाइन बारीक. तिच्यातून एवढा प्रवाह परत जाऊ शकला नाही, तर आयडलवर ३ बारऐवजी साडेतीन-चार बार दाब दिसतो. रेग्युलेटर बदलून हे सुटत नाही. एक तर लाइन जाड करा, नाही तर पंप हळू चालवा.

वेग कमी करण्याच्या रीती तीन. जुन्या जपानी गाड्यांत पंपाच्या वायरीत एक रेझिस्टर असे आणि जोर लागला की रिले त्याला वळसा देई. हा उपाय आजही वाईट नाही. ०.६ ओहमचा रेझिस्टर आठ-नऊ अँपिअरला पाचेक व्होल्ट खातो आणि ४० ते ५० वॅटची भट्टी होतो. म्हणून १०० वॅटचा, अॅल्युमिनिअमच्या खोळीचा घ्यावा आणि बॉडीच्या पत्र्यावर आवळावा. वळशासाठी रिलेचा नॉर्मली क्लोज्ड संपर्क वापरावा, म्हणजे कॉइल जळली तरी पंप पूर्ण वेगाकडे जाईल. दुसरी रीत टप्प्यांची. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्समधला पंप कंट्रोलर ३३, ६७ आणि १०० टक्के असे तीन टप्पे देतो. तिसरी, गरजेप्रमाणे सलग बदलणारी ड्यूटी, म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या विजेत चालू काळाचा टक्का. फोक्सवॅगन गटाच्या टीएसआय गाड्यांत पंपावर जे ५३८ नावाचे मॉड्यूल असते, ते हेच काम करते. पोलो किंवा नव्या ऑक्टाव्हियावर काम करणाऱ्यांनी त्या मॉड्यूलच्या भाषेतच राहावे. खालची पद्धत रिटर्न लाइन असलेल्या गाडीची आहे.

पहिले काम टाकीवर. मागची सीट उचलली की पत्र्याचे झाकण, त्याखाली प्लॅस्टिकची मोठी चकती. टाकी पाव भरलेली असतानाच उघडायची, बॅटरी काढून, दारे उघडी ठेवून, जवळ पावडरचा अग्निशामक. चकतीखालचे रबरी सील पेट्रोलने फुगलेले असते आणि परत बसत नाही, तेव्हा नवे आधीच आणून ठेवावे. टाकीच्या आतल्या नळीबद्दल तडजोड नाही. बाजारात फ्यूएल इंजेक्शन होज म्हणून मिळणारी जे ३० आर ९ ही बाहेरच्या कामाची. पेट्रोलात बुडवून ठेवली की तिचे बाहेरचे आवरण फुगून फाटते. बुडणाऱ्या जागी जे ३० आर १० लिहिलेलीच हवी. हीच गोष्ट वायरींची. साधे पीव्हीसी पेट्रोलात कडक होऊन तडकते, म्हणून आत पीटीएफई किंवा ईटीएफई आवरणाच्या वायरी.

झाकणावरचा कनेक्टर ही या सगळ्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी. मूळ पिना सात-आठ अँपिअरच्या हिशेबाने असतात. १५ अँपिअरला त्या तापतात, प्लॅस्टिक मऊ होते, संपर्क सैल होतो, आणखी तापतो. आम्ही झाकणात दोन वेगळे पितळी स्टड, दोन्ही बाजूंनी पेट्रोल सोसणारे वायसर लावून बसवले आणि पंपाचा प्रवाह तिथून नेला. जुन्या कनेक्टरवर फक्त गेजचा फ्लोट राहिला. हे करण्याआधी मल्टिमीटरने बघून घ्या की पंप आणि फ्लोट यांची अर्थ आतून एकच तर नाही ना. एकच असेल आणि पंपाची अर्थ बाजू चालू-बंद करणार असाल, तर काटा नाचत राहील. मग आतली जोडणी सोडवावीच लागते.

वायरीची जाडी डोळ्यांनी ठरवू नये. बॅटरीपासून टाकीपर्यंत पाच मीटर धरले तर १५ अँपिअरला ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर जवळजवळ २ व्होल्ट खाते, १.५ ची १ व्होल्ट, २.५ ची ०.६, आणि ४ ची ०.३७. आम्ही ४ ची घातली, बॅटरीपाशी २५ अँपिअरचा फ्यूज. अर्थ परत पुढे न नेता मागेच, रंग खरवडून, बॉडीला बोल्टने. वायर, लग (वायरीच्या टोकाला चेपायचे धातूचे टोक) आणि हीटश्रिंक इथल्या सियागंज बाजारात मिळून जाते. फक्त लग क्रिंप करायचे साधन चांगले घ्या. पक्कडीने चेपलेला लग पहिल्या उन्हाळ्यातच काळा पडतो.

आता कंट्रोलर. स्वतंत्र ईसीयूचे आउटपुट साधारण काहीशे हर्ट्‌झपर्यंतच ड्यूटी देते आणि त्याच्यात पंप ओढण्याची ताकद नसते. बरेच जण मध्ये सॉलिड स्टेट रिले (हलता संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) टाकतात. तिथे दोन खड्डे आहेत. जेल रोडवर सहज मिळणाऱ्या रिलेवर ‘डीए’ लिहिलेले असेल तर तो एसी लोडचा. डीसीवर तो एकदा चालू झाला की बंदच होत नाही. डीसीसाठी ‘डीडी’ हवा. आणि डीडी मिळाला तरी त्याच्या डेटाशीटमधला बंद होण्याचा वेळ बघा. तो एक मिलिसेकंद असेल तर १०० हर्ट्‌झच्या वर न्यायला अर्थ नाही. १०० हर्ट्‌झवर पंप चालतो, पण करंट दर वेळी तुटतो, ब्रश झिजतात, पंप भुणभुणतो आणि रेलमधला दाब थरथरतो. वारंवारता दहा-वीस हजारांवर नेली की मोटरचे स्वतःचे इंडक्टन्सच करंट सपाट करते.

म्हणून ईसीयूचा १०० हर्ट्‌झचा संकेत हा फक्त हुकूम मानला. तो वाचायला एटीमेगा ३२८ चिप, १६ मेगाहर्ट्‌झवर. तिचा टायमर २० किलोहर्ट्‌झला ८०० पायऱ्या देतो, त्या पुरून उरतात. पुढे आयआरएफबी ३०७७ हा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), पंपाच्या अर्थ बाजूला, आणि त्याचे गेट, म्हणजे हुकूम घेणारे टोक, हलवायला टीसी ४४२० हा गेट ड्रायव्हर. ३०७७ चा रोध जास्तीत जास्त ३.३ मिलिओहम, म्हणजे १५ अँपिअरला पाऊण वॅट, तापल्यावर सव्वा. गेट ड्रायव्हर वगळून मॉस्फेट थेट चिपच्या पायाला जोडणारे भेटतात. चिपचा पाय इतके मोठे गेट झटकन भरू शकत नाही, आणि तिचे ५ व्होल्ट या मॉस्फेटला पूर्ण उघडायला पुरत नाहीत. चालू-बंद होण्याचा मिळून वेळ १ मायक्रोसेकंद असेल तर २० किलोहर्ट्‌झला त्यापायी दोनेक वॅट जातात. तोच १० मायक्रोसेकंद झाला की वीस वॅट, आणि मॉस्फेट जातो. खात्रीच्या विक्रेत्याकडचाच घ्या. वरचा छाप खरा आणि आतला तुकडा लहान, असे मॉस्फेट बाजारात भरपूर आहेत. त्यातून चार अँपिअर वाहू देऊन दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजले की लगेच कळते.

पंपाच्या दोन टोकांवर उलटा शॉटकी डायोड अत्यावश्यक, ६० व्होल्टचा, किमान २० अँपिअरचा. मॉस्फेट बंद असताना मोटरचा करंट त्याच्यातून फिरतो. ६० टक्के ड्यूटीला ९ अँपिअर धरले तर त्यात दोन-सव्वादोन वॅट जातात, म्हणजे मॉस्फेटपेक्षा डायोड जास्त तापतो. हीटसिंक मोजताना लोक त्याला विसरतात. तिसरा भाग कपॅसिटर. बॅटरीची पाच मीटरची वायर २० किलोहर्ट्‌झचे झटके पुरवू शकत नाही, ते जवळच्या कपॅसिटरने पुरवायचे. ५० टक्के ड्यूटीला १० अँपिअरचा पंप असेल तर कपॅसिटरवर ५ अँपिअरचा रिपल, म्हणजे चढ-उताराचा करंट, येतो. एकट्या साध्या १००० मायक्रोफॅरडच्या डब्याला तो झेपत नाही, पोट फुगते. लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले), १०५ अंशांचे चार समांतर लावले. त्यांच्यासोबत अल्टरनेटरच्या व्होल्टेजची उसळी गिळणारा टीव्हीएस डायोड. सगळे अॅल्युमिनिअमच्या पेटीत, पेटी सीटखाली पत्र्याला आवळलेली, पंपापासून अर्ध्या मीटरच्या आत. पंपाच्या दोन्ही वायरी पीळ घालून, क्रँक सेन्सरच्या वायरीपासून लांब.

या कामातला आमचा सगळ्यात ठाम आग्रह पुढचा आहे. पंप हळू करणे सोपे आहे. तो न चुकता पुन्हा पूर्ण वेगावर येणे, हीच खरी जबाबदारी. बूस्टमध्ये पंप अर्ध्यावर अडकला तर मिश्रण लीन होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) पिस्टन जायला फार वेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक बिघाड पूर्ण वेगाकडे वळवला. मॉस्फेट सहसा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे अर्थ बाजूला असल्यामुळे पंप पूर्ण चालतो. पंपाची ती वायर बॉडीला लागली तरी तेच. ईसीयूच्या हुकमाची ग्राह्य मर्यादा १० ते ९० टक्के ठेवली. वायर तुटली किंवा अर्थ झाली तर वाचन ० किंवा १०० येते, आणि चिप पंप पूर्ण वेगाने चालवते. शिवाय मॉस्फेटला समांतर एक पाच पिनांचा ४०/३० रिले, ३० आणि ८७ए वर. चिप ठणठणीत असेल तरच ती त्याची कॉइल ओढून धरते. चिप अडकली की कॉइल सुटते आणि पंप थेट अर्थला मिळतो. चावी फिरवल्यावर चिप जागी होईपर्यंत हाच रिले पंप पूर्ण चालवतो, म्हणजे प्रायमिंगही (स्टार्टआधी रेलमध्ये दाब भरणे) आपोआप होते. या सगळ्याच्या वर, पॉझिटिव्ह बाजूला, ईसीयूचा मूळ पंप रिले तसाच ठेवला. इंजिन थांबले की तो सुटतो. अपघातात पेट्रोल बंद होण्याची ती एकमेव खात्री आहे, तिला हात लावू नये.

किमान ड्यूटी डेटाशीटमध्ये नसते, ती मोजावी लागते. हा पंप टर्बाइन जातीचा. वेग निम्मा केला की तो देऊ शकेल असा दाब चौथाईवर येतो, आणि एका मर्यादेखाली प्रवाह शून्य होतो. पंप नुसता आतल्या आत पेट्रोल घुसळून तापवत बसतो. रिटर्न होज काढून मोजपात्रात सोडली, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी मोकळी ठेवली, इंजिन बंद, बॅटरीला चार्जर लावून १३.५ व्होल्ट टिकवले, आणि ड्यूटी पाच-पाच टक्क्यांनी उतरवत अर्ध्या मिनिटात किती पेट्रोल येते ते लिहीत गेलो. मग त्याच व्हॅक्यूम नळीला सायकलचा पंप आणि गेज लावून १ बार दिला, म्हणजे रेलवर ४ बार, आणि पुन्हा तेच. नंतर दीड बार. बूस्टमध्ये पंप किती देईल हे गाडी न हलवता कळते. नियम एवढाच ठेवला की रिटर्नला कुठल्याही क्षणी तासाला २५-३० लिटरचा प्रवाह राहिला पाहिजे. तो आटला की रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही. या पंपाला ३ बारला ती मर्यादा अर्ध्या ड्यूटीच्या आसपास येते. त्यावर दहा टक्के चढवून आयडलची ड्यूटी ठरवली.

मोजताना एक गोंधळ हमखास होतो. क्लॅम्प मीटर बॅटरीच्या वायरीवर लावला तर पंपाच्या वायरीपेक्षा कमी करंट दिसतो. पंपात ९ अँपिअर आणि ड्यूटी ५० टक्के असेल तर बॅटरीकडून साडेचारच. मीटर बरोबर आहे. बंद काळात उरलेला करंट डायोडमधून फिरतो आहे. तुलना करायची ती कायम एकाच जागी.

ईसीयूमधला ड्यूटीचा तक्ता आरपीएम आणि मॅनिफोल्ड दाबावर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबावर. आयडल आणि संथ चालीला किमान, मध्ये सरळ चढ, आणि दाब १२० किलोपास्कलच्या वर गेला की थेट १००. बूस्टमध्ये कंजूषी करून काही मिळत नाही. थ्रॉटल झटक्यात उघडला तर दाब वाढायची वाट न पाहता ड्यूटी चढते, कारण पंपाच्या आर्मेचरला वेग घ्यायला वेळ लागतो आणि टर्बो त्याच्यासाठी थांबत नाही. चढताना तत्काळ, उतरताना तीन सेकंदांनी, नाही तर गिअर बदलताना दर वेळी दाब डुलतो. स्टार्टरवर १००. बॅटरी १३ व्होल्टच्या खाली गेली की त्या प्रमाणात ड्यूटी वर.

दाबाचा सेन्सर ०-१० बारचा, ०.५ ते ४.५ व्होल्टचा. तो रेलवर पितळी अडॅप्टरने उभा लावू नये, इंजिनाच्या कंपनाने मानेतून तुटतो आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर जाते. छोट्या ब्रेडेड होजने बॉडीवर आणला. ईसीयू रेलच्या दाबातून मॅनिफोल्डचा दाब वजा करते, आणि हा फरक ३ बार हवा. इथे इंदूरचा एक खास मुद्दा. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. मॅनिफोल्डचा मॅप सेन्सर निरपेक्ष दाब वाचतो, रेलचा सेन्सर हवेच्या तुलनेत. वजाबाकीत १०१ धरले तर कायम ०.०६ बारची चूक राहते. ऐकायला थोडी, पण धोक्याची मर्यादा ०.३ ला लावायची असेल तर तिचा पाचवा भाग तिथेच संपतो. फरक ३ वरून २.७ वर आला की इंजेक्टरचा प्रवाह ५ टक्के घटतो, २.५ वर ९ टक्के. बूस्टमध्ये २.७ च्या खाली पाव सेकंद राहिला की ईसीयूने बूस्ट सोडायचा आणि इग्निशन कापायची, अशी अट घातली. आणि ती खरोखर काम करते का, हे कमी बूस्टला मुद्दाम ड्यूटी उतरवून बघितले.

शेवटची परीक्षा उन्हात घ्यायची. दुपारी, पाव टाकीवर, आधी अर्धा तास आयडल, मग एबी रोडने मानपूरच्या घाटाची चढण तिसऱ्या गिअरमध्ये, कायद्याच्या वेगात, लॉगिंग चालू. पूर्ण थ्रॉटलची तपासणी सार्वजनिक रस्त्यावर करू नये. ती डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तसल्या ट्रॅकवर इंजिन मिनिटेच्या मिनिटे सलग बूस्टमध्ये राहते, आणि पंपाची, वायरीची, लगाची खरी उष्णता तिथेच दिसते. डायनोवरच्या दहा सेकंदांत नाही.

गाडी ताब्यात दिल्यावर मालकाने दोन गोष्टी लिहून ठेवायच्या. ६० टक्के ड्यूटीला गरम इंजिनावर पंपाचा करंट किती, आणि १०० टक्क्याला पंपाच्या स्टडवर व्होल्टेज किती. दर सर्व्हिसला हेच दोन आकडे घ्यावेत. करंट चढत गेला तर बाहेरचा फिल्टर चोंदतो आहे किंवा पंप घासतो आहे. करंट उतरला आणि दाबही पडला, तर ब्रश किंवा टाकीतली जाळी. व्होल्टेज पाव व्होल्टने घसरले तर पंपाला दोष देण्याआधी स्टड, रिलेचा पाया आणि अर्थचा बोल्ट या क्रमाने बघावे. ई-२० ओलावा धरते, त्यामुळे गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी आणि पहिल्या स्टार्टआधी फिल्टर बदलावा.